बकरीवालं गाणं

अगादेझच्या बाजारात माझं दुकान.
दुकान म्हणजे पत्र्याची पेटी, छपरावर एक सोलर पाटी,
नऊ चार्जर आणि मी.
शंभर फ्रँकला दहा गाणी.
मेमरी कार्ड घेऊन या, नखाएवढं असतं, हरवू नका,
आणि देण्याआधी सदऱ्याला पुसा.
इथली वाळू गाण्याच्याही आधी आत शिरते.

त्या वर्षी येणारा प्रत्येक जण एकच विचारायचा:
गुमूरचा नवा अल्बम आला का?
अल्बम पॅरिसमध्ये अडकला होता.
कुणी म्हणे कव्हरवरच्या फोटोवरून भांडण,
कुणी म्हणे कंपनीच विकली गेली.
आधी ऐकलं थंडीत येणार,
मग खजूर उतरल्यावर,
मग नुसतंच, बघू.
आता गाण्यात जिचं नाव आहे ती विहीर इथली,
तिचं खारं पाणी पिऊन आमचे दात पिवळे,
आणि ऐकायला आम्ही व्हिसा काढायचा?

मग एका लग्नात तो वाजवून गेला.
मोख्तारनं हात उंच धरून सगळं फोनात घेतलं.
सात मिनिटं. हात खाली नाही.
मध्येच बकरी ओरडते.
कुणीतरी चहाचा तिसरा पेला मागतं.
बायका जीभ हलवून किलकारतात
तेव्हा गिटार पार बुडतं,
आणि तिसऱ्या कडव्याला मोख्तार स्वतःच गुणगुणतो,
बेसूर. शाळेपासून तसाच.

रात्री ते माझ्याकडे आलं.
फाइलला घाईत नाव दिलं: गुमूर नवीन खरं.
सकाळपर्यंत चौदा फोनांत होतं.
ब्लूटूथ चालू करून माणसं
गुडघ्याला गुडघा लावून बसलेली,
तंबाखू वाटून घेतात तशी.
कांद्याच्या ट्रकवरचा ड्रायव्हर ते तामनरासेतला घेऊन गेला.
महिन्याभरानं तिकडून परत आलं
नाव बदलून, जरा जास्त खरखरीत होऊन,
आणि मी ते पन्नास फ्रँक मोजून विकत घेतलं.
बकरी ओरडली तेव्हा कळलं.

चोरी म्हणाल, तर हो.
गुमूर एकदा फोन चार्जिंगला लावायला आला होता.
मी खाली वाकून वायर शोधत राहिलो, नसलेली.
जाताना म्हणाला,
लग्नातलं ते माझ्याही फोनात टाक,
दुसरं कडवं मी विसरलोय.

दोन वर्षांनी अल्बम आला.
चकचकीत. गिटारची तार न् तार वेगळी.
लोकांनी ऐकला, छान आहे म्हणाले,
आणि जरा थांबून,
बकरीवालं आहे का?

मोख्तार तोवर लिबियाला गेलेला.
सबहाहून एक फोन.
पुढे नाही.

त्याची आई, तकियत, दर शुक्रवारी येते.
फोन साधा, बटणांचा, काचेला तडा.
गुमूरचं तिला काही कौतुक नाही,
ह्याच्या बापाला उंटसुद्धा हाकता येत नव्हता, म्हणते.
मी गाणं चार मिनिटं वीस सेकंदांवर आणून देतो.
ती फोन कानाशी धरते, पदर वर ओढून.
बेसूर येतं. जातं.

एकदा म्हणाली, तेवढंच काढून दे.
दिलं काढून. अकरा सेकंद.
नाव दिलं मोख्तार, या वेळी स्पेलिंग तपासून.
तिनं ऐकलं. पुन्हा एकदा ऐकलं.
हे नको, म्हणाली,
भरल्या लग्नातून उठवून आणल्यासारखा वाटतो.
बकरीबिकरी सगळं परत घाल.

परत घातलं.
तिनं शंभर फ्रँक पेटीवर ठेवले.
राहू द्या म्हटलं तर रागावली,
कामाचे आहेत, घे.
घेतले.